जपानहून आलेली मतं

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात एका फुटबॉल क्लबची वेबसाइट माझ्याकडे आली, तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय तेही मला ठाऊक नव्हतं. सर्व्हर मात्र ठाऊक होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, त्यामुळे येतं ते येतं म्हणायला मी कधी लाजले नाही.

त्या हंगामात क्लबने एक जपानी खेळाडू घेतला. बिचारा बहुतेक बाकावरच बसायचा. पण साइटवर ‘महिन्याचा खेळाडू’ निवडायचं मतदान सुरू झालं आणि तो सगळ्यांना मागे टाकून सुसाट सुटला. क्लबचा फोन आला, मतं खोटी आहेत, काढून टाका.

संशय यावा असंच होतं. एका इंटरनेट पत्त्यावरून आलेलं एकच मत खरं धरायचं, हा तपासणीचा नियम. आणि इथे मोजक्या पत्त्यांवरून हजारोंनी मतं आलेली. शेजारी बसणारा नागपूरचा मित्र हसला. “कोणी रिकामटेकडा बटण दाबून राहिला आहे. उडव नं, जेवायला जाऊ.”

“थांब रे. हे बघ, मतं आपल्या सकाळी येतात. म्हणजे तिकडे ऑफिसं सुटतात तेव्हा. आणि शनिवार-रविवारी दिवसभर, विखरून. यंत्र कधी सुट्टी घेतं का?”

मला आमच्या तालुक्याच्या गावातला सायबर कॅफे आठवला. बीएस्सीच्या निकालाला अख्खा वर्ग त्या एका दुकानात घुसला होता. पाच-सहा जणांचे निकाल निघाले आणि निकालाच्या साइटने दुकानाचा पत्ताच अडवला. तिच्या लेखी आम्ही सगळे मिळून एक माणूस! मी शोधलं, तर हे पत्ते जपानी मोबाइल कंपनीचे निघाले. स्मार्टफोन यायच्या आधीच तिथे लोक फोनवर इंटरनेट बघत, आणि लाखो फोन कंपनीच्या चार-दोन दारांतूनच, म्हणजे त्याच मोजक्या पत्त्यांवरून, बाहेर पडत.

“बरोबर असेल,” मित्र म्हणाला, “पण पुढच्या आठवड्यात तुझा इथला मुक्काम वाढवायच्या एक्स्टेन्शनवर सही आहे. क्लायंटला खोटं पाडलंस तर परत पुण्याच्या ऑफिसचं तिकीट हातात देतील.”

“देऊ देत. खऱ्या माणसांना मी खोटं म्हणणार नाही.”

मॅनेजर इंग्रज, मितभाषी. त्याने सगळं ऐकलं. “म्हणजे क्लायंट चुकतोय?”

“हो.”

“आणि हजारो लोक घरी जाताना ट्रेनमध्ये बसून एका राखीव खेळाडूला मतं देतायत?”

“हो.”

त्याने क्लबला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि मला म्हणाला, “तूच सांग.” मी सगळं सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, “हे लोक शर्ट विकत घेतील का?”

“आधी त्यांना वाचता येईल असं एक तरी पान करा,” मी म्हटलं, “मग विचारा.”

पलीकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. मतं राहिली. सहीही झाली, जपानी पानं उभी करायला माणूस लागणारच होता, असं मॅनेजर म्हणाला. मी त्याचे आभार मानले नाहीत. काम मला येत होतं.

पुढच्या शनिवारी मित्राला ओढत मी पहिल्यांदा मैदानावर गेले. मॅचआधी त्या खेळाडूला काचेची छोटीशी ट्रॉफी दिली. त्याने चारही बाजूंना वाकून नमस्कार केला. मागच्या रांगेतले एक आजोबा पुटपुटले, याला मतं दिली तरी कोणी?

मी वळले आणि त्यांना सांगायला लागले. शिट्टी वाजून मॅच सुरू झाली, तरी सांगतच होते.