तीन ठिपके

गावोगावच्या मुलांच्या वजनांचा आलेख काढत होते. ‘आर’ या संगणकभाषेत एक ओळ लिहिली की प्रत्येक गावातल्या वजनांचा पसारा दाखवणारी एक पेटी उमटते. मोठ्या गावांत पन्नास-साठ मुलं, डोंगरावरच्या पाड्यावर तीनच. तरी पेटी तेवढीच रुंद! पाडा गाळूनच टाकावा म्हटलं. त्याआधी तिथल्या अंगणवाडीच्या ताईंना फोन केला.

“ताई, तीनच वजनं?”

“तीनच पोरं आहेत तिथं, मॅडम. काटा डोक्यावर घेऊन चढले. एकही सोडलं नाही.”

मी पेट्या पुसल्या आणि प्रत्येक मुलाचा एकेक ठिपका मांडला. मोठ्या गावांत ठिपक्यांची दाटी झाली. पण यादीशी ताडून पाहिलं, तर तिथली कितीतरी मुलं वजनाला आलीच नव्हती. मनातल्या मनात ताईंना हात जोडले. माझ्या आलेखात अख्खं आलेलं गाव एकच होतं, ताईंचा पाडा.