दत्तोबा मास्तरांनी पुसलेली पाटी

दत्तोबा मास्तरांना वलवण धरणाच्या काठची आमची सगळी वाडी बदफैली म्हणायची. म्हणो! त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं शिकवलं. माणूस भित्रा होता, बदफैली नव्हता.

तेव्हा निबंध म्हणजे 'गाय हा उपयुक्त पशू आहे'. मास्तरांना त्याचा भारी तिटकारा. ते मुलांच्या जोड्या लावत. एकानं पाहिलेलं सांगायचं, दुसऱ्यानं सारखं 'मग?' विचारायचं. सगळं सांगून झालं की पाटीवर लिहायला बसायचं. "पाहिलंत तेच लिहा, गाळू नका," एवढाच नियम. आणि काय लिहायची हो पोरं! म्हैस व्यायल्याचं वाचताना मला गोठ्याचा वास यायचा.

अठ्ठावीस सालच्या मार्गशीर्षात चौथीतल्या शालूनं वहिनीवर लिहिलं. तिची वहिनी सरू महिन्यापूर्वी धरणात बुडाली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणत. शालूच्या पाटीवर होतं : 'वहिनी धुणं पिळत होती. आईनं मागून ढकललं. वहिनीनं आईचा पदर धरला. आईनं तो सोडवला. मग आम्ही धुणं घेऊन घरी आलो.'

मास्तरांच्या खांद्यावरून मीही ते वाचलं. शालूचा बाप कोंडाजी मोठा खातेदार. शाळा त्याच्याच जागेत भरायची. मास्तरांनी उपरण्यानं पाटी पुसली.

"पाय घसरला असं लिही, बाळ."

"पर मास्तर, तुमीच म्हनलात, गाळायचं न्हाई."

"लिही म्हणतो ना!"

पोरीनं लिहिलं. त्यानंतर तिनं पाटीवर फक्त पाढे लिहिले.

वैशाखात कोंडाजीच्या मुलाचं, सरूच्या नवऱ्याचं, दुसरं लग्न लागलं. मास्तर अक्षता टाकून घरी आले आणि भडाभडा ओकले. "केशवराव, ही पोर आपण दोघांनी त्या घरात पाठवली."

"मला कशाला ओढता यात?" मी चिडून म्हणालो.

मास्तरांची झोप उडाली. डोळा लागला की उपरणं कुणीतरी ओल्या हातानं ओढतंय, असं म्हणायचे. मग नवी सून रतन धुण्याला निघाली की ते शाळा सोडून काठावर जाऊन बसायला लागले. उन्हात बसले, पावसात बसले. शालूच्या आईनं, झुंबरबाईनं, बोभाटा केला, "मास्तराची नजर चांगली न्हाई." वर्षभरात त्यांची बदली झाली. जाताना त्यांनी माझे पाय धरले, अहो, पंधरा वर्षांनी मोठा माणूस! "सकाळी तेवढे काठावर जात जा." मी हो म्हणालो.

आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी गेलो. रतन एकटीच धुणं आपटत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला.

"थोरलं मास्तर कुटं गेलं वो? ते बसायचं तवर सासूबाई पान्यावर येत नव्हत्या. आता रोज येत्यात."

"बदली झाली," मी म्हणालो.

तेवढ्यात पायवाटेनं झुंबरबाई उतरली. तिच्या हातात धुणं नव्हतं. मला रामराम करून ती तिथंच उभी राहिली, मी जायची वाट बघत. रतन माझ्याकडे बघत होती. आता लोक माझ्याबद्दलही बोलतील, एवढंच माझ्या मनात आलं.

शाळेची वेळ झाली, असं सांगून मी निघालो.