अंबाडीचा चुरा

अंबाडीच्या भाजीपायी माझ्या लेकीची नोकरी गेली, असं सांगितलं की लोक हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही.

आम्ही मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी राहतो. घरामागच्या पट्टीत मी दरवर्षी अंबाडी लावते. बी माझ्या माहेरचं, जालन्याकडचं. थंडीत पाला सावलीत वाळवायचा, हाताने चुरायचा आणि उन्हाळ्यासाठी ठेवायचा, ही आमची रीत. लेक अंधेरीला एका कंपनीत साफसफाईला होती. तिथल्या मैत्रिणीने चुरा मागितला, म्हणून मी प्लास्टिकच्या छोट्या पुड्या बांधून दिल्या. ती माझी चूक. डब्यात घालून दिला असता तर कोणी ढुंकून बघितलं नसतं.

गेटवर पिशव्या तपासणाऱ्याने पुडी वर धरली आणि ओरडला, "गांजा!" अंबाडीचं पान तसंच बोटं फुटलेलं असतं, आणि चुरल्यावर कोण ओळखणार? लेकीला चौकीत नेऊन बसवलं. मी धावत गेले.

"साहेब, भाजीचा पाला आहे. चिमूटभर जिभेवर ठेवा, आंबट लागेल."

"आजी, पुरावा आहे तो. पुरावा चाखतात का?"

"मग वास तरी घ्या."

"ते सगळं मशीन सांगेल. तुम्ही गप्प बसा ना!"

संध्याकाळी तिला सोडलं. पण कंपनीने तोवर नाव कापलं होतं. "रिपोर्ट येऊ दे, मग बघू."

चुरा प्रयोगशाळेत गेला. पान अख्खं नव्हतं, म्हणून डीएनए काढायचं ठरलं. "माणसाचा बाप शोधतात ना, तसा पाल्याचा वंश शोधतात," हवालदार म्हणाला. जुळवून बघायला त्यांनी बियाण्यासाठी राखलेली माझी तीन झाडं मुळासकट उपटून नेली, डब्यातलं बीसुद्धा.

"अरे, मूठभर तरी ठेव."

"सगळं जमा करायचंय, आजी."

यंदा पेरायला माझ्याकडे दाणा नाही.

चार महिन्यांनी कागद आला. अंबाडी, लाल देठाची. चुरा आणि झाडं एकाच बियाण्याची. तिसरी शिकलेल्या बाईने हे पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, पण तिच्या सांगण्यावर शिक्का नव्हता.

कागद घेऊन मी लेकीबरोबर कंपनीत गेले. तिथल्या मॅडमनी तो उघडलाही नाही. "जागा भरली. नव्याने अर्ज करा."

अर्जात एक प्रश्न होता: यापूर्वी पोलीस चौकशी झाली आहे का?

"नाही लिही," मी म्हटलं.

"आई, खोटं लिहिलं तर पुन्हा धरतील गं."

"मग अंबाडी होती असं लिही."

"जागाच नाही लिहायला. हो नाहीतर नाही, एवढंच आहे."

तिने 'हो'वर खूण केली आणि अर्ज खिडकीत सरकवला. अजून बोलावणं आलेलं नाही.