वापरात नसलेला भाग

तारीख ९ फेब्रुवारी, रविवार, सकाळची वेळ. रक्कम तीन हजार दोनशे रुपये. हजर तिघं: माझ्या वहिनी, माझी बायको आणि मी. जागा उस्मानपुऱ्यातलं आमचं घर.

वहिनींनी पैसे टीपॉयवर ठेवले आणि वर पाण्याचा ग्लास ठेवला, पंख्यानं उडू नयेत म्हणून. महिनाअखेरीस दादाचा पहिला स्मृतिदिन होता. समाजमंदिरात भंतेजी येणार, वंदना होणार, मग जेवणं. त्याआधी पडद्यावर दादाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा, असं पुतणीनं ठरवलं होतं. माझ्याकडे दादाचं चार तास अकरा मिनिटांचं बोलणं होतं. त्याच्या शेवटच्या दोन वर्षांत, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गच्चीत बसून मी ते घेतलं होतं. वहिनी शेजारी भाजी निवडत असायच्या, त्या चित्रात कुठं येत नाहीत.

एडिटिंगचं माझं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं. नवी आवृत्ती घ्यायची तर वर्षाचे तीन हजार दोनशे लागत होते. मी नको म्हणालो.

"भाऊजी, यांनी कधी कुणाकडून फुकट काम करून घेतलं का?" वहिनी म्हणाल्या. "मग तुमच्याकडून कशाला? ठेवा."

बायको म्हणाली, "घ्या आता. नाय तर त्या चहा घेणार नाहीत."

मी पैसे घेतले.

मी एका एजन्सीत अकाउंट्स बघतो. व्हिडिओ जोडणं हा माझा हौसेचा उद्योग आहे, घरातली लग्नं, बारशी एवढ्यापुरता. जुन्या आवृत्तीत मला कापणं, जोडणं आणि खाली नाव टाकणं येत होतं. नवीन आवृत्ती उघडली तर एकही बटण जागेवर नव्हतं. आठवडाभर ऑफिसला जाण्याआधी मी इंटरनेटवरचे धडे बघितले. शिकवणारा हिंदीत भराभरा बोलायचा, मी थांबवून थांबवून बघायचो. मागचा गोंगाट घालवणं, रंग आपोआप सारखे करणं, मोबाइलसाठी उभं चित्र काढणं, हे सगळं शिकलो. आणि एक नवीन सोय होती, तिचं तो फार कौतुक करत होता. बोलण्यातल्या मोकळ्या जागा, अडखळणं, तोच शब्द परत परत येणं, हे सॉफ्टवेअर स्वतः शोधतं, लाल करून दाखवतं आणि तुम्ही हो म्हणालात की काढून टाकतं.

इथं दादाबद्दल सांगायला हवं. दादा तोतरा होता. गावाकडून येऊन त्यानं शहागंजात विजेच्या जळालेल्या मोटारींची कॉइल भरून देण्याचं दुकान टाकलं. त्याचे नेमके 'क' आणि 'प' अडकायचे, आणि धंदा कॉइल आणि पंपांचा. माझं कॉलेज त्याच दुकानावर झालं. कॉलेज सुटलं की मी गल्ल्याशेजारी बसायचो. दादा अडकला की पुढचा शब्द मी द्यायचा, असा आमच्यात नेमच पडला होता. "क... क... क..." "कॉइल गेलीय म्हणतोय." गिऱ्हाईक हसायचं. एकजण तर नेहमी म्हणायचा, "उस्ताद, तुमचं बोलणं होईस्तोवर दुसरी मोटार जळंल!" दादाही हसायचा. मला वाटायचं, मी त्याची अडचण सोडवतो. पुढं नातेवाइकांनाही तीच सवय लागली. दादानं तोंड उघडलं की चारजण चार शब्द घेऊन तयार. फोनवर तर तो बोलायचंच टाळायचा. आवाजी निरोप त्यानं कधी कुणाला पाठवला नाही. म्हणून त्याचा आवाज जो काय होता, तो माझ्या त्या चार तास अकरा मिनिटांत होता.

नवीन सोय आधी मी माझ्याच एका व्हिडिओवर लावून बघितली. लांब पट्टीवर चार-दोन ठिकाणी लाल ठिपके पडले. मग दादाच्या पट्टीवर लावली. निम्म्याहून जास्त पट्टी लाल झाली. मध्ये मध्ये हिरवे तुकडे राहिले, तेवढंच त्याचं बोलणं. मी हो म्हणालो.

चालवून बघितलं. दादा बोलत होता. न अडकता. गावातून कसा निघाला, पहिला पंप कसा भरला, पहिलं गिऱ्हाईक पैसे बुडवून कसं गेलं, सगळं सरळ, एका दमात. मी बायकोला हाक मारली. तीही पदर तोंडाला लावून बघत राहिली. म्हणाली, "किती हुशार बोलत होते हो. आपल्याला कळलंच नाय."

नवीन लांबी एक तास बावन्न मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी डिस्क भरल्याची सूचना आली. पुढचं काम होईना. त्याच सूचनेत उपाय होता: वापरात नसलेला भाग मूळ फायलींमधून काढून टाका, इतकी जागा मिळेल. खाली लिहिलं होतं की हे परत फिरवता येणार नाही. मी न वाचता कशावर सही करत नाही. ते मी दोनदा वाचलं. कुणी मला फसवलं नाही. वापरात नसलेला भाग, हे मला पटलं. काढलेलं होतं काय, तर शांतता आणि तोतरेपणा. तो साठवून काय करायचा, असं वाटलं. माझ्या फोनमधून त्या फायली मी डिस्कवर घेतल्या तेव्हाच पुसल्या होत्या, कारण एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं मला आवडत नाही. मी बटण दाबलं. डिस्क मोकळी झाली. मला बरं वाटलं.

वीस मिनिटांचा तुकडा तयार करून मी वहिनींना घरी बोलावलं. त्या लॅपटॉपसमोर बसल्या. पाचएक मिनिटं बघितलं. मग म्हणाल्या, "हे इकडं बघतच नाहीत."

"कुठं?"

"माझ्याकडं." त्यांनी पडद्याच्या डाव्या बाजूला, जिथं काहीच नव्हतं तिथं, बोट ठेवलं. "अडकले की हे माझ्याकडं बघायचे. मी काय बोलायची नाय. नुसती थांबायची. मग शब्द यायचा. तुम्ही लोक त्यांना शब्द द्यायचे ना भाऊजी, मी कधी दिला नाय."

मी व्हिडिओ थांबवला.

"चांगलं केलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "तिथं हेच दाखवा. मला घरी बघायला तेवढं पहिल्यासारखं ठेवा. आहे तसं."

हे मागताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. आहे तसं असणारच, हे त्या धरून चालल्या होत्या. मी पडद्याकडे बघत त्यांना सांगितलं की ते आता नाही. दोन तास एकोणीस मिनिटं गेली. वहिनींना आधी समजलं नाही. मग समजलं. त्या उठल्या, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या. चहा तसाच राहिला.

मी डिस्क घेऊन शहागंजात गेलो. दादाचं दुकान होतं तिथून पुढच्या गल्लीत पुसलेल्या फायली काढून देणारा एक माणूस बसतो. त्यानं संध्याकाळपर्यंत डिस्क ठेवून घेतली. परत गेलो तेव्हा मान हलवत म्हणाला, "चाचा, डिलीट हुए सो रहते तो मैं निकाल के देता. ये तो तुम उसीच के ऊपर नया लिख दिए. नीचे कुछ बचाच नहीं."

"थोडंसुद्धा?"

"थोडा भी नहीं. क्या था, शादी का था क्या?"

"भाई का था," मी म्हणालो.

त्यानं डिस्क दोन्ही हातांनी परत दिली.

स्मृतिदिनाला समाजमंदिर भरलं होतं. वंदना झाली, मग दिवे मालवून व्हिडिओ लावला. लोकांना फार आवडला. दादाचं ते थट्टा करणारं जुनं गिऱ्हाईक आता काठी घेऊन चालतं, ते माझा खांदा दाबून म्हणालं, "काय बोललाय उस्ताद! एकदा पण अडकला नाय!" पुतणी रडली. मामा म्हणाले, पोरांच्या मोबाइलवर पाठव. मी सगळ्यांना हो म्हणालो. आता दादा सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, एकदाही न अडकणारा, आणि आणखी दहा वर्षांनी तो तसाच होता असं म्हणतील. मीसुद्धा आता त्याचा आवाज आठवायला जातो तेव्हा हाच सरळ आवाज येतो. खरा आठवायचा तर मला मध्ये थांबावं लागतं, आणि थांबायची मला सवय नाही.

व्हिडिओ सुरू झाला तेव्हा वहिनी जेवणाच्या पंगतीची तयारी बघायला बाहेर गेल्या होत्या. संपेपर्यंत आत आल्या नाहीत.

हिशोब असा झाला. शहागंजातल्या माणसाला तपासणीचे तीनशे रुपये दिले. तो काम झालं नाही म्हणून घेत नव्हता, मी त्याच्या काउंटरवर ठेवून आलो. वहिनींना त्यांचे तीन हजार दोनशे परत केले. आजवर मी त्यांचे पैसे परत द्यायला गेलो की त्या भांडायच्या, माझ्या खिशात कोंबायच्या. या वेळी त्यांनी हात पुढं केला आणि घेतले.