बहिणीच्या घरचा निळा स्क्रीन

तात्यांनी नारळ फोडला, शेवंतीचं फूल मॉनिटरवर ठेवलं आणि मला म्हणाले, "सतीशराव, आता दाखवा सगळ्यांका."

तात्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुनंदाचे सासरे. मालवणजवळ त्यांचं घर, दोन होड्या. सुनंदा लग्नाआधी कणकवलीत डीटीपीचं काम करायची, म्हणजे लग्नपत्रिका, हँडबिलं कॉम्प्युटरवर जुळवायची. ते काम तिला घरून करता यावं म्हणून तात्यांनी कणकवलीतल्या माझ्या दुकानातून मशीन असेंबल करून, म्हणजे सुटे भाग जोडून, घेतलं होतं. सासूबाईंना हे पसंत नव्हतं. तात्या सुनेच्या बाजूने उभे राहिले होते.

ओसरीवर शेजारपाजारची माणसं जमली होती. मी पत्रिकेचा एक नमुना उघडला, त्यात गणपतीचं चित्र टाकलं आणि स्क्रीन निळा झाला. वर पांढरी इंग्रजी अक्षरं.

"ह्या असाच दिसता काय?" एका म्हातारीने विचारलं.

"नाही, जरा थांबा," मी म्हणालो. रीस्टार्ट केलं. पाच-दहा मिनिटांत पुन्हा निळा. माणसं प्रसाद घेऊन हळूहळू उठली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

विंडोज ९८चे दिवस होते. असा निळा स्क्रीन आला की आम्ही पहिल्यांदा विंडोजवरच खापर फोडायचो. मी हार्ड डिस्क फॉरमॅट केली, म्हणजे सगळं पुसून नव्याने भरलं. भरताना एक फाइल कॉपी होईना. सीडीवर ओरखडा असेल म्हणून मी दुसरी सीडी लावली. निदान त्या वेळी तरी मी थांबून दुसरं काही तपासायला हवं होतं.

चार दिवसांनी सुनंदाचा फोन आला. मी एसटीने गेलो. या वेळी मला व्होल्टेजची शंका आली. तिकडे संध्याकाळी दिवे मंद व्हायचे. मी एसएमपीएस बदलला. मशीनमधल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा तो डबा. शिवाय स्टॅबिलायझर बसवला. तासभर मशीन नीट चाललं. सासूबाईंनी सुरमई तळली होती. मान वर न करता जेवलो आणि निघालो.

मग सुनंदाकडे पहिलं गिऱ्हाईक आलं. शेजारच्या वाडीतले, लग्न ठरलेल्या एका मुलीचे वडील, पत्रिका करून घ्यायला. ते बाजूला खुर्चीवर बसलेले आणि सुनंदा नावं टाइप करतेय. मानकरी, आजोळ, सगळं जुळवून झालं, गणपतीचं चित्र टाकलं आणि सेव्ह करायच्या आत स्क्रीन निळा.

तिने संध्याकाळी फोन केला. आवाज अगदी शांत होता.

"तो माणूस आपलो कागद घेवन गेलो, दादा. मालवणातच करून घेतंय म्हणालो."

"मी उद्या येतो."

"येताना दुसऱ्या कोणाक तरी घेवन ये. जाणतो आसा असो." मग ती म्हणाली, "सासूबाई बोलतत ता मी ऐकून घेतंय. पण तात्या काय्येक बोलनत नाय. त्येची माका लाज वाटता."

फोन ठेवल्यावर मी दुकानात बसून राहिलो. दुकानाच्या पाटीवर 'कॉम्प्युटर तज्ज्ञ' लिहिलेलं होतं. मग मनात एकेक निळा स्क्रीन आठवत गेलो. दर वेळी त्यावर वेगळ्याच फाइलचं नाव होतं. विंडोज किंवा एखादा प्रोग्राम बिघडला तर बहुधा तेच तेच नाव येतं. रोज नवं नाव म्हणजे दोष त्याखाली, मेमरीत, म्हणजे चालू काम तात्पुरतं साठवणाऱ्या भागात, असण्याची शक्यता जास्त. मशीनमध्ये मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. चालू होताना मशीन मेमरी मोजतं आणि आकडा बरोबर येत होता, म्हणून मी तिकडे वळलोच नव्हतो. त्यातून पट्ट्या कोऱ्या करकरीत, कोल्हापूरहून आणलेल्या.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. बरोबर नेण्यासारखा जाणता कणकवलीत मला माहीत नव्हता. एक पट्टी काढली. मशीन दुपारपर्यंत चाललं, चित्रांची मोठी फाइल उघडूनसुद्धा. मग ती लावून दुसरी काढली. फाइल उघडताच निळा स्क्रीन. म्हणजे आधी काढलेली पट्टीच खराब होती. हलकं काम चांगल्या पट्टीत भागत होतं. चित्रं आली की या खराब पट्टीचा वापर व्हायचा. मशीन देण्याआधी दुकानात मी चित्रं उघडून बघितलीच नव्हती.

तात्या दारात उभे राहून बघत होते.

"सापडला?"

"हो तात्या. ही पट्टी खराब आहे. बदलून देतो."

त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "ही काढून बघूक किती वेळ लागता?"

"दोन मिनिटं."

"मग पयल्याच दिवशी ह्या करूक जमला नसता?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "जमलं असतं." सुनंदा चहाचा कप घेऊन आली होती. ती तो टेबलावर ठेवून आत गेली.

नवी पट्टी आली आणि मशीन पुढे कितीतरी वर्षं विनातक्रार चाललं. सुनंदाला कामंही मिळू लागली. मी नवा भाग म्हणजे चांगला भाग असं धरून चालणं सोडलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक मशीन अख्खा दिवस जड फाइली उघडून चालवायचो.

वर्षभराने सुनंदाने प्रिंटर घेतला. तो बसवायला मालवणहून कोणी मेकॅनिक आला होता. हे मला गणपतीत तिच्याकडे गेलो तेव्हा कळलं. "चांगला बसवलाय," मी म्हणालो. ती म्हणाली, "होय."