कळांचं सलाईन

परवा भिंगारला एका आजारी मित्राला भेटायला गेलो, पण त्याच्या सलाईनचे थेंब दिसले आणि मला तिथे बसवेना. बारा वर्षांपूर्वी बायकोचे दिवस उलटले, म्हणून डॉक्टरांनी तिला कळा येण्याचं सलाईन लावलं होतं. थेंब फार सावकाश पडत होते. तिचा डोळा लागला आणि नर्स बाहेर गेली, तशा सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, आसं ठिपकाय लागल्यावर पोरगी उद्याबी मोकळी व्हायची न्हाई. करा की जरा जोरात." तापाच्या सलाईनची नळीवरची चकती, ते लवकर संपून एसटी चुकू नये म्हणून, आम्ही सगळेच फिरवायचो. तशीच मी हीही फिरवली. थोड्या वेळाने कळा सुरू झाल्या त्या थांबेचनात, तिला श्वास घ्यायलाही उसंत मिळेना. धावत आलेल्या नर्सने सलाईन बंद केलं आणि ती पोटावर बाळाचे ठोके शोधत राहिली. मुलगी मृतच जन्मली. "चकतीला कुणी हात लावला?" नर्सने आम्हा दोघांना बाहेर विचारलं. "कुनी न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि मी गप्प राहिलो. आता घरातल्या प्रत्येक गरोदर बाईला बायको बजावते, "ते सलाईन घेऊ नकोस गं, मला नाही सोसलं." मी शेजारीच बसलेला असतो.