डब्यातला कॅमेरा

आमचा काका फोटोग्राफर. सगळा जन्म स्टुडिओत गेला. समोर नवरी असो नाहीतर पासपोर्टवाला, त्याचं वाक्य एकच: "हलू नका." दुकान मुलाच्या हाती सोपवलं आणि या वयात कयाक नावाची चिंचोळी होडी वल्हवायला शिकला. म्हणजे जिथे बूडच स्थिर राहत नाही, नेमका तिथे जाऊन बसला! हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

कॅमेऱ्याला मात्र तो तळहाताच्या फोडासारखं जपायचा. आधी टॉवेलात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि डबा दोरीनं कयाकला बांधलेला. बुटांच्या खोक्यात ओल शोषायच्या पुड्या येतात ना, त्याही आत. घरासमोरच्या तळ्यातल्या लव्हाळ्यात टिबुकली दिसायची, पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारा एवढासा पाणपक्षी. काका वल्हं ठेवायचा, हात पुसायचा, दोरी सोडायचा, झाकणाशी झटापट करायचा. तोवर टिबुकली बुडी मारून पसार.

"तुमचा डबा उघडेपर्यंत त्या पिल्लांची लग्नं होतील," काकू म्हणायची.

थट्टा करायची, पण तो फोटो तिच्यासाठीच होता. तिची नजर विझत चालली होती. पुढच्या वर्षी जवळचं तरी दिसेल की नाही, डॉक्टर सांगू शकत नव्हते. खिडकीतून दिसणारी टिबुकली तिला आता नुसता ठिपका. काकाला पिल्लांचा फोटो भिंतीएवढा करून तिच्यासमोर लावायचा होता. हे त्यानं मला सांगितलं, तिला नाही. मनातलं बोलायची वेळ आली की तो चष्मा पुसत बसतो. मला तो त्यासाठीच फार आवडतो.

शेवटी काकूनंच तोड काढली. "दोघांची कयाक घ्या. मी पुढे बसते, कॅमेरा माझ्या मांडीवर. तुम्ही नुसतं वल्हवा."

ही बाई भरलेल्या बादलीलाही बिचकते. लाइफ जॅकेट चढवून, जीव मुठीत धरून बसली. मागून काकाच्या सूचना सुरूच.

"पट्टा गळ्यात घातलास का?"

"जॅकेटवर अडकतोय तो. धरलाय मी घट्ट."

"पाणी उडतंय, झाक त्याला!"

"अहो, माझीही काळजी करा थोडी!"

लव्हाळं काठालगतच होतं, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्या मला सगळं ऐकू येत होतं. तेवढ्यात टिबुकली बाहेर आली, अगदी कयाकच्या पुढ्यात. पाठीवरच्या पिसांतून दोन पट्टेरी डोकी वर आली.

"काढ, काढ!" काका कुजबुजला.

काकूनं कॅमेरा उचललाच नाही. ती पुढे वाकली, आणखी वाकली. मांडीवरचा कॅमेरा घसरला आणि कयाकच्या तळाला साचलेल्या पाण्यात धप्पकन पडला. तो आवाज कशाचा, हे काकाला बघायची गरज नव्हती. त्यानं धडपडून हात पुढे केला. कयाक डुलली.

काकूनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"हलू नका," ती म्हणाली. "मला दिसतायत."

काका हलला नाही.